झुकते माप 'विश यू वेअर हिअर'ला

महोदय,

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या सर्वोत्तम अल्बमची चर्चा बहुधा १९७३च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'पाशीच थांबते, आणि नाण्यांचा खणखणाट फितीवर जोडून सात मात्रांत बांधलेले त्यातील 'मनी' हे गाणे ऐकताना त्यात वावगेही वाटत नाही. तरी माझे झुकते माप १९७५च्या 'विश यू वेअर हिअर'ला आहे. बँड सोडून गेलेल्या सिड बॅरेट या संस्थापक सदस्याच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या या अल्बमच्या आरंभी डेव्हिड गिलमोरच्या गिटारचे चारच स्वर उमटतात, विरतात, पुन्हा येतात. गायन सुरू व्हायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो, पण ती प्रतीक्षा मुळीच लांबलेली वाटत नाही. १९७९चा 'द वॉल' भव्य खरा. मात्र त्यात शब्दांचीच इतकी दाटी आहे, की वाद्यांच्या वाट्याला ('कम्फर्टेबली नम्ब'मधील गिटारचा अपवाद वगळता) फारसे काही उरत नाही.

– एक श्रोता