मेस्त्रीकाका, ओम्नी अजून रस्त्यावर आहे ती तुमच्यामुळे

मेस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

गाडीच्या पत्राकामाचा शेवटचा हप्ता द्यायला तुमच्या गॅरेजवर आले तेव्हा तुम्ही पैसे न मोजताच खिशात घातलेत आणि लगेच वाकून गाडीच्या पोटाखाली बघायला लागलात. आभार मानायचे होते, ते राहूनच गेले. समोर बोलायला गेलं की तुम्ही विषय ब्रेककडे नेता. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आपल्या किनाऱ्यावर जुनी गाडी आणि बेताचे पैसे घेऊन अडलेली माणसं पुष्कळ आहेत. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, ते त्यांनाही कळू दे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. माझी मारुती ओम्नी २००८ची. घरचं कोकम आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस), आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ दुकानांना पोचवायचं, तर या गाडीशिवाय माझं पान हलत नाही. राहायला गुहागर तालुक्यात आणि बरीचशी गिऱ्हाइकं दापोलीकडची. त्यामुळे धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीनं गाडी न्यावी लागते. तसं केलं नाही तर चिपळूणवरून मोठा वळसा आणि तेवढं पेट्रोल. खाडीचं खारं पाणी, खारा वारा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस, यात कुठलाच पत्रा फार दिवस कोरा राहत नाही. मिठाचा थर हवेतली ओल धरून ठेवतो, त्यामुळे पाऊस थांबला तरी गंज थांबत नाही.

२०२३मध्ये गाडीला १५ वर्षं पूर्ण होत आली आणि आरसीच्या, म्हणजे नोंदणीच्या कागदाच्या, नूतनीकरणाची वेळ आली. जो तो सांगायचा, १५ वर्षं झाली की कायद्यानं गाडी भंगारात. एका मोठ्या गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी ६५ हजारांचा आकडा सांगितला आणि वर म्हणाले, एवढे घालण्यापेक्षा विकून टाका. नवी घेण्याची ऐपत असती तर मी तिथे गेलेच नसते.

काका, तुमच्या शेडमध्ये आले तेव्हा तुम्ही आधी किंमत सांगितली नाहीत. गाडी वर घेतलीत, एका हातात छोटा हातोडा आणि दुसऱ्या हातात खडू. जिथे ठोकल्यावर खणखणीत आवाज येई तिथे काही नाही. जिथे आवाज बसका येई तिथे गोल. जिथे नुसताच वरचा रंग फुगला होता तिथे फुली. मग हातोडा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "ताई, तुम्हीच वाजवून बघा. उद्या कोणी फसवायला नको." मागच्या पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) ब्रॅकेट जिथे बॉडीला धरलेला असतो, तिथे मी जरा जोरात ठोकलं आणि पत्रा पापडासारखा मोडून खाली पडला. आत बोट जाईल एवढं भोक. वर रंग होता, त्याखाली कुणीतरी कधीतरी भरलेली लांबी (पुट्टी) होती, आणि त्याखाली काहीच नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही समजावलंत ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळं वजन पेलतो. म्हणून पाट्यांचे ब्रॅकेट, पुढच्या शॉकअबचे (शॉक अॅब्सॉर्बरचे) माउंट, रनिंग बोर्ड म्हणजे दारांखालचा पत्र्याचा पट्टा, सीटबेल्ट जिथे बोल्टनं धरलेला असतो ती जागा आणि ब्रेकचे पाइप, इथला गंज जिवावर बेततो. दरवाज्याच्या खालच्या कडेचा, चाकाच्या कमानीवरचा गंज दिसायला वाईट, पण त्याला थांबवता येतं. मी रंगासाठी म्हणून बाजूला काढलेले पैसे तुम्ही रंगाला लावू दिले नाहीत. "रंग नंतर कधीही मारता येईल. हा पाइप फुटला तर ब्रेक लागायचा नाय." खडूचे गोल मोजून तुम्ही काम दोन टप्प्यांत पाडलंत. जे पावसाआधी व्हायलाच हवं ते आधी, उरलेलं दिवाळीनंतर. पैसेही तसेच, जमतील तसे.

तुमचं काम बघायला मी बसून राहिले, त्याचा तुम्ही कंटाळा केला नाहीत. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवलीत, पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवलीत, आतलं मॅट आणि फोम सगळं बाहेर काढलंत, पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट हाताशी. मग सडलेला भाग कापत गेलात, थेट चकचकीत लोखंड लागेपर्यंत. गंजक्या कडेला वेल्डिंग धरत नाही, धरल्यासारखं दिसतं आणि खड्ड्यात सुटतं, हे तुम्ही मला कापलेल्या तुकड्यावर दाखवलंत. वीस गेजचा पत्रा मापात कापून, ठोकून, मूळ वळणावर आणून बसवलात. ब्रॅकेटला त्याहून जाड. सांध्यांवर सीलर, त्यावर रेड ऑक्साइडचा गंजरोधक हात, त्यावर रंग. पोटाला काळं कोटिंग सगळ्यात शेवटी, आणि तेही कडक उन्हात दोन दिवस गाडी वाळल्यावरच. घाईघाईत गंजावर डांबर फासून देणारे मी पाहिले आहेत. आत अडकलेली ओल मग बाहेर पडायला वाट शोधत नाही, पत्रा खात बसते. तुम्ही ते करायला साफ नकार दिलात.

एक गोष्ट मात्र मला मुद्दाम लिहायची आहे. गाडीच्या मागच्या भागात, जिथे माल ठेवते, तिथला पत्रा खालून चांगला आणि वरून सडलेला निघाला. खारं पाणी खालून येतं, मग हे वरून कसं? तुम्ही मॅटखालचा तो तांबूस चिकटा बोटावर घेऊन नाकाशी नेलात आणि म्हणालात, "हे खाडीचं नाय. हे आगळ." बरोबर होतं. आगळात मीठ भरपूर आणि कोकमाचा आंबटपणा वेगळा. कॅनच्या बुचातून थेंब थेंब पाझरलेलं मॅटखाली साठून राहायचं. इतक्या मेकॅनिकांनी गाडी पाहिली होती, कोणी वास घेतला नव्हता. त्यावर तुम्ही सांगितलेला उपाय एका प्लास्टिकच्या मोठ्या घमेल्याचा, बाजारात सहज मिळणारा. कॅन आता त्यात उभे असतात. पत्रा तेव्हापासून कोरडा आहे.

सरकत्या दरवाज्याचा खालचा भाग रुळासकट गेला होता. नवा घ्यायचा म्हटला असता तर माझं बजेट तिथेच संपलं असतं. तुम्ही भंगारवाल्याकडून दुसऱ्या ओम्नीचा शोधून आणलात. गाडी पांढरी, दरवाजा राखाडी. ब्रेकचे पाइप मात्र जुने चालणार नाहीत म्हणालात आणि नवेच टाकलेत. कुठे जुनं चालतं आणि कुठे नाही, हे तुमच्याइतकं ठामपणे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो राखाडी दरवाजा मी अजून रंगवलेला नाही, आणि मला तो तसाच आवडतो.

१५ वर्षांची भीतीही तुम्हीच घालवलीत. सरसकट बंदीचा तो आदेश दिल्ली आणि राजधानी परिसराचा. सरकारी गाड्यांना २०२३च्या एप्रिलपासून १५ वर्षांची मर्यादा आली, ती वेगळी. आपल्याकडे खाजगी गाडी तपासणीत चालण्यायोग्य ठरली की आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी मिळते. फी मात्र २०२२पासून ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाली आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा, पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला) वेगळं, म्हणून ते पैसे आधीच बाजूला काढून ठेवा, असंही तुम्ही बजावलंत. आरटीओच्या निरीक्षकांनी खाली वाकून पॅच पाहिले, ब्रेक पाहिले, दिवे पाहिले आणि सही केली. २०२८पर्यंत माझा धंदा चालू राहील, याचा कागद त्या दिवशी माझ्या हातात आला. बाहेर येऊन तुम्हाला फोन केला तर तुम्ही विचारलंत, "हँडब्रेक तपासला का त्यांनी?"

तुम्ही घालून दिलेले नियम पाळते आहे. बोटीवरून उतरले की त्याच दिवशी घरी गोड्या पाण्याचा पाइप गाडीच्या पोटाखाली आणि चाकांच्या आत फिरवते. दरवाज्यांच्या खालची पाणी जायची भोकं सायकलच्या स्पोकनं मोकळी करते. ती बुजली की दरवाजा आतून पाण्यानं भरतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पावसात मॅट उचलून वाळवते. गाडीवर ताडपत्री घट्ट बांधणं बंद केलं, कारण ओल आत कोंडते. गवतावर उभी न करता जांभ्याच्या ओट्यावर लावते. यातल्या एकाही गोष्टीला म्हणण्यासारखा खर्च नाही, आणि या सांगितल्याचे तुम्ही पैसेही घेतले नाहीत.

काका, त्या मोठ्या गॅरेजनं सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यात तुम्ही माझं काम केलंत, ते काही उपकार म्हणून केलं नाहीत, मला ठाऊक आहे. तुम्ही कामाचे पूर्ण पैसे घेतलेत. पण नको असलेलं काम गळ्यात मारलं नाहीत, हवं असलेलं टाळलं नाहीत, आणि बाईमाणूस गाडीतलं काय समजणार म्हणून मला शेडच्या बाहेर खुर्चीवर बसवून ठेवलं नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या हाताखालच्या दोन्ही पोरांचेही. भर उन्हात पोटाखाली झोपून घासकाम त्यांनीच केलं.

उजव्या रनिंग बोर्डाचं काम आता करायला हवं. परवा वाजवून पाहिलं, पुढच्या चाकाच्या मागे वीतभर जागेत आवाज बसका येतोय. पाऊस सरला की घेऊन येते. पत्रा आणून ठेवायला आगाऊ पैसे लागणार असतील तर कळवा, पाठवून देते.

आपली,
राखाडी दरवाज्याच्या ओम्नीवाली ताई