खारकीवच्या काकांना, अर्धवट राहिलेल्या फुटबॉल सीझनबद्दल

प्रिय काका,

नमस्कार. गुडघा कसा आहे आता? जिना चढताना अजून दुखतो का? मी आता डॉक्टर झालेय, त्यामुळं हे विचारायचा हक्क आहे मला.

पत्र मराठीत लिहितेय, तुमची नात मोबाईलवर ट्रान्सलेट करून वाचून दाखवेलच तुम्हाला. पण सगळ्यांसमोर लिहितेय कारण युक्रेनमधल्या खारकीवला मेडिकल शिकत असताना २०२२ मध्ये रशियानं हल्ला केला आणि तिथून सुखरूप घरी आलेल्या आमच्यातल्या कितीतरी पोरांच्या आईबापांना तुम्ही कोण हेच माहिती नाही. त्यांना भारत सरकारची पोरांना परत आणायची मोहीम, ऑपरेशन गंगा, माहितीय, एअरपोर्टवर फुलं घेऊन उभे असलेले लोक माहितीयत. त्या सगळ्यांचे उपकार आहेतच, युक्रेनमधून १८ हजारांवर भारतीय परत आणणं ही काय साधी गोष्ट नव्हती. पण विमानं उभी होती पोलंड, हंगेरी, रोमानियात, आणि आम्ही होतो रशियाच्या बॉर्डरपासून जेमतेम ४० किलोमीटरवर, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या टोकाला आमच्यासाठी तुम्ही होता. तेच सांगायचंय.

आपली ओळख फुटबॉलनं करून दिली. मी कोल्हापूरची म्हटल्यावर इकडच्या लोकांना वेगळं काही सांगावं लागत नाही, पण तुम्हाला मी माझ्या मोडक्यातोडक्या रशियनमध्ये सांगितलं होतं की आमच्याकडं पेठेपेठेत तालमी आहेत, तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा, आणि त्याच तालमींच्या फुटबॉल टीम आहेत, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, आणि मॅच असली की शाहू स्टेडियम भरून वाहतं. तुमचा विश्वासच बसेना, भारत म्हणजे क्रिकेट एवढंच तुम्हाला ठाऊक. मग मी फोनवर व्हिडिओ लावला आणि तुम्ही जिन्यातच बसून अख्खा बघितला, आणि दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये मी 'फुटबॉलवाली इंडियन'. तुम्ही मला १९८८ च्या सोव्हिएत कपची फायनल तोंडपाठ ऐकवायचा, खारकीवच्या मेटलिस्टनं टॉर्पेडो मॉस्कोला २-० हरवलं ती. युरो २०१२ ला नेदरलँड्सच्या तिन्ही मॅच खारकीवला झाल्या, तिन्ही ते हरले, तरी नारिंगी कपड्यातले ते लोक शहरभर कसे गात फिरत होते तेही. आणि २०१६ मध्ये पैशाअभावी जुना मेटलिस्ट बंद पडला ते सांगताना तुमचा आवाज बसायचा. पण त्याच वर्षी मेटलिस्ट १९२५ नावानं नवी टीम उभी राहिली आणि खालच्या लीगमधनं एकेक पायरी चढत २०२१ मध्ये प्रीमियर लीगला पोचली. त्या सप्टेंबरात तुम्ही मला आणि माझ्या लातूरच्या रूममेटला मॅचला नेलं, स्पोर्तिवना मेट्रोला उतरून चालत. शाहू स्टेडियमवर शेंगदाणे तशा तिथं सूर्यफुलाच्या बिया, तुमच्या पायाजवळ सालपटांचा ढीग, आणि गोल हुकला की तुम्ही जे काय बोलायचा ते आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

२०२२ च्या २३ फेब्रुवारीला संध्याकाळी जिन्यात भेटला तेव्हा तुम्ही खूश होता. हिवाळ्याची सुट्टी संपून २५ तारखेला लीग परत सुरू होणार होती. १६ टीम, ३० राउंड, त्यातले १८ झालेले, शाख्तार ४७ पॉइंटवर, डायनॅमो कीव ४५ वर, म्हणजे टायटल पार रंगात आलेलं. आणि २४ ला पहाटे आम्ही काचांच्या आवाजानं उठलो.

बंकर बंकर म्हणून आम्ही घरी फोनवर सांगत होतो ते खरं तर आपल्या बिल्डिंगचं तळघर होतं, पाइपा गेलेल्या, बटाट्याची पोती, जुन्या सायकली, आणि थंडी तर हाडात शिरणारी. किल्ली तुमच्याकडं होती. तुम्ही आधी आम्हाला आत घेतलं, मग घरनं सतरंज्या, लोणच्याच्या बरण्या, पाण्याचे कॅन आणत राहिला. आम्ही परक्या देशातली पोरं, आमची भाषा धड नाही, बिल्डिंगमधल्या काही लोकांना आम्ही तिथं नको पण होतो, जागा कमी होती त्यांचंही खरंच होतं, पण तुम्ही एकदाच काहीतरी मोठ्यानं बोलला आणि नंतर तो विषय कुणी काढला नाही.

आणि मग तो पुठ्ठा. हे मला नीट लिहायचंय कारण घरी कितीही वेळा सांगितलं तरी लोकांना यातलं महत्त्व कळत नाही. दुसऱ्या का तिसऱ्या रात्री वरनं आवाज येत होते, तिसऱ्या मजल्यावरची दोन लहान पोरं रडायची थांबेनात, माझी रूममेट भिंतीला टेकून नुसती थरथरत होती. तुम्ही कोपऱ्यातला टीव्हीच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा फाडून काढला, मार्करनं त्यावर १६ टीम लिहिल्या, पुढं पॉइंट लिहिले, सगळे तोंडपाठ, आणि म्हणालात की लीगवाल्यांनी थांबवली असेल, आपण नाही थांबवायची. राउंड १९. टोपीत चिठ्ठ्या टाकल्या, शून्य ते चार आकडे. एक पोरगं एका टीमसाठी चिठ्ठी काढणार, दुसरं दुसऱ्या टीमसाठी, झाला स्कोअर. आणि प्रत्येक मॅचची कॉमेंटरी तुम्ही करायची. कुठल्या ग्राउंडवर आहे, पाऊस पडतोय का, कोण पहिला गोल मारतोय, रेफरी कसा आंधळा आहे. पोल्टावाला मॅच असली की तिथलं जेवण कसं असतं, ओडेसाला असली की समुद्राचा वारा. शाख्तारची होम मॅच आली तेव्हा तुम्ही कीव न म्हणता मुद्दाम दोनेत्स्क म्हणालात. मूळची दोनेत्स्कची टीम, पण तिथल्या लढाईमुळं २०१४ पासून त्यांना घरचं ग्राउंड नाही, ल्वीव, खारकीव, कीव असे फिरतायत, आपल्याच मेटलिस्ट स्टेडियमवर त्यांनी २०१७ च्या डिसेंबरात मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं होतं आणि तुम्ही ती मॅच बघितली होती. तर पुठ्ठ्यावरच्या लीगमध्ये तुम्ही त्यांना घरी पाठवून दिलं.

ती दोन पोरं रडायची थांबली काका. रूममेटनं मारियुपोलची टीम घेतली, तळाकडं होते बिचारे, आणि चिठ्ठीत चार आले तेव्हा ती किंचाळली, आणि तिथले सगळे म्हातारे-कोतारे हसले. मेडिकलला आम्हाला पॅनिकबद्दल शिकवतात, काय करावं काय करू नये, मी ते सगळं वाचलंय, परीक्षेत लिहिलंय पण. त्या रात्री तुम्ही जे केलं ते मी आता वॉर्डात करायचा प्रयत्न करते, पेशंटचं लहान पोर घाबरलं की त्याला कामाला लावायचं, हातात काहीतरी द्यायचं.

१ मार्चला फ्रीडम स्क्वेअरवर मिसाईल पडलं आणि त्याच दिवशी खाणं आणायला बाहेर पडलेला आपल्या कर्नाटकचा एक विद्यार्थी गेला. बातमी फोनवर आली तेव्हा तुम्ही आमचे चेहरे बघितले, विचारलं, आणि मग म्हणालात की आजपासून यातलं कुणी ब्रेड आणायला जाणार नाही, मी जाणार. आणि गेलात. त्या गुडघ्यानं. येईपर्यंत आमच्या कुणाच्या तोंडातनं शब्द फुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी एम्बसीचा मेसेज आला, संध्याकाळी सहाच्या आत खारकीव सोडा, पिसोचिन, बाबाय, बेझल्युदिवका कुठंही पोचा, जमेल तसं, चालत पण. तुम्ही गॅरेजमधनं जुनी लाडा गाडी काढली. आमच्यातले काही पिसोचिनला चालत निघाले, आम्ही काही स्टेशनकडं, आणि तुम्ही पेट्रोल संपत आलेलं असताना फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिला, सांगलीची पोरं, नाशिकची पोरं, ज्यांना तुम्ही आधी कधी बघितलं पण नव्हतं अशी केरळची पोरं. स्टेशनवर डब्याच्या दारात जी रेटारेटी होती ती मला कुणावर दोष ठेवून लिहायची नाही, बायका-मुलं आधी हे बरोबरच होतं, पण आमच्या बरोबरच्या मुलांना मागं ढकललं जात होतं आणि त्यांना सोडून आम्हाला चढवेना. तुम्ही दारात जाऊन उभे राहिलात आणि त्या कंडक्टर बाईंना सांगितलं की ही आमच्या बिल्डिंगची पोरं आहेत, उद्याचे डॉक्टर आहेत, मागं ठेवून गेलात तर मीच चालत ल्वीवला घेऊन जाईन. सगळे चढले. तुम्हाला थँक्यू म्हणायला पण वेळ मिळाला नाही, गाडी हलली.

पुढचा प्रवास सगळ्यांनी ऐकलाय, दिवे बंद केलेली ट्रेन, ल्वीव, बॉर्डरची लाइन, पोलंडमधल्या बायांनी दिलेलं गरम सूप, मग विमान. घरी आले, आईनं ओवाळलं, आणि मी पंधरवडाभर नुसती झोपून.

२६ एप्रिलला खऱ्या लीगनं सीझन अधिकृतपणे संपवला. २४ फेब्रुवारीचा टेबल तोच शेवटचा, चॅम्पियन कुणीच नाही. मला फार लागलं ते वाचून. १२ राउंड कधी खेळलेच जाणार नाहीत. मारियुपोल आणि चेर्निहीवची देस्ना तर पुढच्या सीझनला उतरल्याच नाहीत, देस्नाचं स्टेडियम बॉम्बनं उद्ध्वस्त झालेलं, मारियुपोल शहराचं काय झालं ते जगानं बघितलं. आणि त्याच आठवड्यात तुमच्या नातीनं मला फोटो पाठवला. पुठ्ठ्याचा. आम्ही गेल्यावर तुम्ही उरलेल्या पोरांना घेऊन ३० व्या राउंडपर्यंत सगळी लीग पूर्ण केली होती. चॅम्पियन वोर्स्क्ला पोल्टावा! तुमचा मेटलिस्ट १९२५ चौथा, म्हणजे तुम्ही चिठ्ठ्यांत एकदाही लबाडी केली नव्हती. आणि मारियुपोल आठवं. तो फोटो मी रूममेटला फॉरवर्ड केला, ती लातूरला बसून अर्धा तास रडली, मग म्हणाली प्रिंट काढून दे.

ऑगस्टमध्ये लीग परत सुरू झाली तेव्हा पहिलीच मॅच शाख्तार विरुद्ध आपला मेटलिस्ट १९२५, २३ ऑगस्ट, कीवचं एवढं मोठं ऑलिम्पिस्की स्टेडियम आणि आत प्रेक्षक कुणीच नाही, ०-०. तुमचा व्हॉइस मेसेज अजून आहे माझ्याकडं, "गोल नाही, पण नव्वद मिनिटं पूर्ण खेळले". आणि दुसऱ्या दिवशी, तुमच्या स्वातंत्र्यदिनी, ल्वीवला तिथल्या रुख टीमविरुद्ध खारकीवचीच दुसरी टीम, जुन्या नावाचा मेटलिस्ट, सायरन वाजला की सगळे शेल्टरमध्ये, परत बाहेर, परत आत, एक मॅच संपायला साडेचार तास लागले, जिंकला मेटलिस्ट २-१. आमच्याकडं पावसानं मॅच थांबली तरी लोक शिव्या घालतात. त्या रात्री मी झोपले नाही, स्कोअर बघत बसले, बाबा विचारत होते काय एवढं, आणि मी त्यांना पहिल्यांदा नीट बसवून तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले. सकाळी म्हणाले त्या माणसाला कोल्हापूरला बोलव, स्टेडियमवर माझ्या शेजारी बसवतो.

तर काका, तळघराची किल्ली, ब्रेड, पेट्रोल, डब्याच्या दारातलं ते भांडण, या सगळ्यासाठी थँक्यू. स्पासिबा, द्याकुयू, सगळ्या भाषांत. आणि त्या पुठ्ठ्यासाठी वेगळं थँक्यू, कारण ट्रेनमध्ये अंधारात बसल्यावर पण आम्ही मेसेज टाकून एकमेकांना विचारत होतो की राउंड २४ ला डायनॅमो कुणाशी आहे.

बाबांचं आमंत्रण खरं आहे, लढाई संपली की यायचं. तोवर आई पार्सल पाठवायचं म्हणतेय, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाच्या वड्या, तुम्हाला तिखट सोसत नाही हे तिला मी सांगितलंय तरी ती ऐकायची नाही. पत्ता तोच आहे का तेवढं नातीला कळवायला सांगा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची फुटबॉलवाली