वहिनीच्या दुपारच्या झोपेबद्दल

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर आई म्हणाली, "तुझ्या वहिनीचं काही कळत नाही गं, दुपारी पडली की दोन-दोन तास उठत नाही." तेव्हा मी गप्प बसले. बोलले असते तर भांडणच झालं असतं, म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी माझंही हेच चाललं होतं. जिना चढताना मध्येच थांबून मोबाईल बघितल्यासारखं करायचे, धाप लागलीय हे कुणाला कळू नये म्हणून. केस तर मुठीनं गळायचे. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १२.१. बाईचं १२ च्या खाली गेलं तर ॲनिमिया धरतात, म्हणजे मी काठावर पास. "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका," असं ऐकून घरी आले. पुढे दुसऱ्या डॉक्टरबाईंनी फेरिटिन (शरीरात लोहाचा साठा किती आहे ते दाखवणारी रक्ताची तपासणी) करायला लावलं, ते निघालं ८. निरोगी बाईचं १५ च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपला असं समजतात. शरीर आधी साठ्यातलं लोह खर्चून वेळ मारून नेतं. हिमोग्लोबिन बोंब मारतं ते सगळ्यात शेवटी.

आई, हिशोब बघ. दोन मिलीलिटर रक्ताबरोबर साधारण १ मिलिग्रॅम लोह जातं. पाळीत ८० मिलीलिटर गेलं, तर ४० मिलिग्रॅम. आणि आतडं रोज शोषणार जेमतेम १-२ मिलिग्रॅम. त्यात वहिनीच्या बाळंतपणाला अजून वर्षही झालं नाही. तिला आळशी म्हणू नकोस, एवढं माझं ऐक.

दादाला सांगा, तिला डॉक्टरांकडे ने आणि सीबीसीबरोबर (हिमोग्लोबिन कळतं ती रक्ताची नेहमीची तपासणी) फेरिटिनही कर. सर्दी-ताप असताना नको, तेव्हा फेरिटिन उगाच जास्त दिसतं. तेवढा वेळ बाळ बाबांनी सांभाळायचं. (बाबा, जमतं तुम्हाला, मी पाहिलंय.) आपल्या मनानं गोळ्या सुरू करू नका. मला एक दिवसाआड दिल्या होत्या. एका गोळीनंतर शरीर काही काळ लोहाची वाट आखडून घेतं म्हणे. गोळीबरोबर चहा नको. शौच काळी होते, मी पहिल्यांदा केवढी घाबरले होते! आणि हिमोग्लोबिन सुधारलं म्हणून लगेच थांबायचं नसतं, साठा भरायला पुढे तीनेक महिने लागतात.

आता तुझ्याबद्दल. तू ट्रेमधला बर्फ कडाकडा चावायचीस, आठवतं? "स्वयंपाकघरात उंदीर शिरला," असं बाबा म्हणायचे आणि आम्ही खिदळायचो. बर्फ खावासा वाटणं हे लोह कमी पडल्याचं लक्षण असू शकतं, हे मला डॉक्टरबाईंकडून कळलं. त्या रात्री झोप लागली नाही. पाळीत नऊ-नऊ दिवस तुला त्रास व्हायचा आणि आम्ही कामं सांगत होतो.

आता तुझी पाळी जाऊन बारा वर्षं झाली. या वयात लोह कमी निघालं, तर नुसत्या गोळ्यांवर भागवायचं नाही. पोटात-आतड्यात कुठे रक्त जातंय का, ते बघावं लागतं. म्हणून वहिनीबरोबर तूही तपासून घे.

आणि खरं सांग, बर्फ अजून खातेस का?

तुमची,
ताई