बायच्या थडग्यावर मेणाचं बाळ ठेवू नका, तिची आठवण लिहून द्या

गावठाणातल्या आणि गावठाण सोडून मीरा रोड, वसई, दुबईपर्यंत पांगलेल्या आपल्या सगळ्या घरांना नमस्कार.

वांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) दारात मेणाची बाळं, हात, पाय, घरं विकायला असतात, हे मुंबईत कुणाला सांगायला नको. माउलीला नवस बोलायचा, फेडायचा, ही आपल्या आज्यांपासूनची रीत. पण हल्ली तीच मेणाची बाळं आपल्या सिमिटरीत (दफनभूमीत) आपल्या गावच्या सुईणीच्या, बायच्या थडग्यावर दिसू लागली आहेत. दर बुधवारी माहीमच्या चर्चमधला नोव्हेना (ठरावीक वारची प्रार्थना) आटोपून काही बायका इथे येतात. क्रुसाला दोरे बांधतात. मध्यंतरी बायचा फोटो मोठा करून त्यात तिच्या डोक्यामागे सोनेरी वलय काढलेलं कुणी आणून ठेवलं, आणि शेजारी एक दानपेटी. पेटी कुणी ठेवली ते आजवर कळलेलं नाही. फादरांनी पॅरिश कौन्सिलसमोर (चर्चच्या समितीसमोर) ती उघडली, पैसे मोजून गरिबांच्या निधीत टाकले आणि पेटी हलवली. यावरून गावात बोलणं झालं. काहींना वाटलं, चर्चला बाय नकोशी झाली.

तसं नाही. म्हणूनच हे आवाहन.

बाय कोण, हे नव्या बिल्डिंगमधल्या मुलांसाठी थोडक्यात सांगते. मिठी नदीच्या काठच्या या गावठाणात साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, त्याची नाळ कुणी कापली. ख्रिस्ती घर असो, मागच्या चाळीतलं मुसलमानाचं असो की कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराचं, रात्री-अपरात्री दार वाजलं की कंदील घेऊन निघायची ती बायच. पैसे घेत नसे. कुणी फारच गळ घातली तर एक नारळ. जन्मलेल्याला पहिली आंघोळ ती घालायची आणि गावात कुणी मेलं तर शेवटची आंघोळही तीच. ती नन नव्हती, कुठल्या संस्थेत नव्हती. नवरा लवकर गेलेली, लुगडं नेसणारी, तुमच्या-आमच्यासारखी घरसंसारातली बाई. मीही तिच्याच हातांवर जन्मले.

तिचं नाव इथे मुद्दाम छापलेलं नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे, आणि तिला संत ठरवावं म्हणून बिशपांपर्यंत काहीही गेलेलं नसताना तिच्या नावाचा गाजावाजा होऊ नये, असं आम्हालाही वाटतं. ज्यांना मदत करायची आहे त्यांना बाय म्हटलं की पुरे.

आता मेणाच्या बाळाबद्दल. १६२५ आणि १६३४ साली पोप आठवे अर्बन यांनी हुकूम काढले की चर्चने ज्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) किंवा संत ठरवलेलं नाही, त्याची सार्वजनिक उपासना करायची नाही. डोक्यामागे वलय काढायचं नाही, थडग्यावर दिवे आणि नवसाच्या वस्तू मांडायच्या नाहीत. कुणाला संत ठरवण्यासाठी आज चालणारी चौकशी चर्चच्या २००७ सालच्या नियमपुस्तिकेप्रमाणे होते. तीतही हा मुद्दा कायम आहे: पुढे कधी चौकशी झालीच तर बिशपांची माणसं थडगं बघतात, राहती खोली बघतात आणि अशी उपासना झालेली नाही ना, याची खात्री करून घेतात. म्हणजे आपण भक्तीने ठेवलेलं मेणाचं बाळ तिच्याच वाटेत आडवं येतं. हे कळलं तेव्हा मला रडू आलं, कारण एक दोरा माझ्या सुनेसाठी मीही बांधला होता.

मग काहीच करायचं नाही का? करायचं. घरात, अंथरुणाला खिळल्यावर, प्रसूतीच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसून, ‘बाय, माझ्यासाठी देवाकडे शब्द टाक’ म्हणायला कुणाची आडकाठी नाही. अशा खाजगी प्रार्थनेला चर्चने कधीच मना केलेलं नाही. व्हॅटिकनने २००१ साली लोकभक्तीवर एक मार्गदर्शिका काढली. तीत साध्या माणसांच्या भक्तीला तुच्छ लेखलेलं नाही. ती जपा, आणि चुकते तिथे हाताला धरून वळवा, असाच तिचा सूर आहे. मे महिन्यात क्रुसापाशी लादीन (माउलीची प्रार्थना) म्हणून उकडलेले चणे वाटणाऱ्या आपल्या माणसांना हे परकं वाटायला नको. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या गावठाणांत किती क्रूस लोकांनी आपल्या हातांनी उभे केले, ते लोकभक्तीनेच.

चर्चमध्ये बायच्या नावाने मिस्सा (वेदीवरची मुख्य उपासना) ठेवता येते. पण ती तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी, कुणाही मृतासाठी ठेवतो तशी. तिच्या सन्मानाची नाही, तिच्याकडे मागणं मागण्याची नाही. तिचा फोटो वेदीपाशी नको, मिरवणूक नको, तिच्या नावापुढे ‘संत’ लावलेले व्हॉट्सअॅपवरचे मेसेज नकोत. आणि कृपा करून तिच्या लुगड्याचे तुकडे कापून वाटू नका. दोन जणांनी ते विकले असं कानावर आलं आहे. पवित्र अवशेष विकायला चर्चच्या कायद्यात सक्त मनाई आहे, आणि बायचं लुगडं तर अजून अवशेष मानायचाही प्रश्न नाही.

या सगळ्यापेक्षा तिला आपल्याकडून जास्त हवा आहे तो कागद. इटलीची जियाना बेरेता मोल्ला डॉक्टर होती, चार मुलांची आई. १९६२ साली चौथ्या बाळंतपणानंतर ती गेली. १९९४ साली धन्य आणि २००४ साली संत ठरली. तिने नवऱ्याला लिहिलेली पत्रं घरात जपलेली होती. तिला डोळ्यांनी पाहिलेली माणसं हयात होती. आपल्या देशातले पहिले गृहस्थ संत देवसहायम पिल्लै १७५२ साली हुतात्मा झाले आणि संत ठरले २०२२ साली. बायचं पुढे काय होईल ते देवाच्या आणि बिशपांच्या हाती. चौकशी मागायला मृत्यूनंतर किमान पाच वर्षं जावी लागतात, ती कधीच गेली. पण तीस वर्षं उलटल्यावर अर्ज केला तर इतका उशीर का झाला, त्यात काही लबाडी नाही ना, हे बिशपांना आधी तपासावं लागतं. आणि तोवर पाहणारी माणसंच उरत नाहीत. गेल्या पावसाळ्यापासून तिला ओळखणाऱ्या तीन म्हाताऱ्या आपण पुरल्या. त्यांचं बोलणं कुणी लिहून घेतलं नाही.

तेव्हा पहिली मागणी ही: लिहा. मराठीत, आपल्या बोलीत, कोकणीत, इंग्रजीत, जमेल तसं. स्वतः पाहिलेलं वेगळं लिहा, ऐकलेलं वेगळं, आणि कुणाकडून ऐकलं तेही. खाली तारीख आणि सही. हात चालत नसेल तर आमची मुलं फोन घेऊन घरी येतील, रेकॉर्ड करतील आणि उतरवून काढतील. नुसती स्तुती लिहू नका. बाय तापट होती, कुणाशी वर्षभर बोलली नव्हती, हे आठवत असेल तर तेही येऊ द्या. चौकशीत विरुद्ध साक्षही घ्यावी लागते, आणि ती लपवली तर बाकीच्या साक्षींवरचाही विश्वास उडतो. बायकडे मागणं मागून कुणाला आजारात गुण आला असं वाटत असेल तर केस पेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड सांभाळून ठेवा आणि झेरॉक्स आम्हाला द्या. इस्पितळं जुने कागद कायम ठेवत नाहीत.

दुसरी मागणी बायच्या वहीसाठी. प्रत्येक बाळंतपण ती एका वहीत टिपायची: आईचं नाव, दिवस, मुलगा की मुलगी. काही ख्रिस्ती घरांच्या नोंदींपुढे लहानसा क्रूस आहे. मरणाच्या दारात असलेल्या बाळाला गरजेच्या वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, आणि सुईण म्हणून तिने तो दिला. ती ही बाळं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मिठी गावात शिरली, आणि बायची खोली तळमजल्यावर. वही दोन दिवस पाण्यात होती. शाई पसरली आहे, मागची पानं एकमेकांना चिकटली आहेत. ती आम्ही ओढलेली नाहीत, हे काम जाणकाराचंच. पैसे लागणार आहेत ते यासाठी: पानं सोडवणं, स्कॅनिंग, आम्लरहित कागदाच्या पेट्या आणि वरच्या मजल्यावर एक लोखंडी कपाट. तुमच्याकडे तिचं पत्र किंवा फोटो असेल तर लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. आणा, तुमच्यासमोर दोन्ही बाजू स्कॅन करून वस्तू तिथेच परत देऊ.

पैशांबद्दल स्पष्ट सांगितलेलं बरं. हा निधी बायला संत करण्यासाठी नाही. तशी कुठलीही प्रक्रिया सुरू झालेली नाही, आणि झालीच तर तिच्या निधीला २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी मंजूर केलेले वेगळे नियम लागतील, बिशपांच्या देखरेखीखाली. त्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. कागद वाचवायच्या या कामासाठी चेक किंवा रोख चर्चच्या ऑफिसातच द्या. पन्नास रुपये दिले तरी पावती घ्या. हिशोब दर तीन महिन्यांनी नोटीस बोर्डावर लागेल. आखातात असलेले भारतीय पासपोर्टवाले आपल्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतात. ज्यांनी परदेशी पासपोर्ट घेतला आहे त्यांनी मात्र पैसे पाठवू नयेत. ती परदेशी देणगी धरली जाते आणि तिचा कायदा वेगळा आहे. त्यांनी आठवणी पाठवाव्यात.

थडग्याजवळच्या मेणाच्या वस्तू आणि दोरे आम्ही येत्या शनिवारी सकाळी उतरवणार आहोत. फेकणार नाही. ज्यांनी ठेवले त्यांनी घेऊन जावेत, उरलेलं मेण चर्चच्या मेणबत्त्यांत मिसळलं जाईल. उतरवायला दोन-चार बायका आल्या तर बरं होईल, पुरुषांनी ते काढणं मला बरं वाटत नाही.

वहीची जी पानं वाचता येतात त्यांच्या प्रती रविवारी मराठी मिस्सेनंतर ऑफिसच्या टेबलावर असतील. क्रूस केलेल्या काही नोंदींत आईचं नुसतं पाळण्यातलं नाव आहे, आडनाव नाही. त्यात आपल्या आजीचं, मावशीचं नाव ओळखू येतं का, तेवढं येऊन बघा. ते बाळ तुमच्या घरातलं असेल.