कपाट आवरण्याआधी

लंडन, रविवार रात्र

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी फोनवर आई म्हणाली, "कपाट आवरायला काढलंय. ती जुनी कॅलेंडरं नि वह्या एकदाच्या बंबात घालते." मागून बाबांचा आवाज आला, "घाल, घाल, तेवढंच पाणी तापेल." मी हसले आणि फोन ठेवला. पण रात्रपाळीला वॉर्डात फेऱ्या मारताना तो बंब काही डोळ्यांसमोरून हलेना. म्हणून हे पत्र. फोनवर मला हे सांगताच आलं नसतं. मध्येच आईने "जेवलीस का?" विचारलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

आधी कबुली देते. आई, ती कॅलेंडरं मी वाचली आहेत. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी नगरला आले होते ना, तेव्हा विम्याची फाइल शोधताना कपाटाच्या खालच्या खणात परकराच्या नाडीने बांधलेला गठ्ठा हाताला लागला. सगळी कालनिर्णयं. संकष्टी-एकादशीसकट कॅलेंडर ख्रिस्ती घरात कशाला, असं पाळक साहेबांनी एकदा थट्टेने विचारलं होतं, तेव्हा तू म्हणाली होतीस की दुधाचा हिशेब लिहायला एवढ्या ऐसपैस चौकटी दुसऱ्या कशात मिळतात?

मीही दुधाचा हिशेब समजूनच चाळायला घेतली. "दूध १॥. रॉकेल आलं. पोरीची फी बाकी, प्रभू बघून घे." "पाहुणे ४. साखर संपली. ह्यांच्यावर ओरडले, क्षमा कर." "सासूबाईंना उतार. धन्यवाद." बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत किराणा, भांडण आणि पापकबुली. मला हसू येत होतं.

मग १९९९ चा ऑगस्ट आला. मामा गेला तो महिना. चौकटीत एवढंच: "आज नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा "आज नाही." मला वाटलं, दूध घेतलं नसेल. पण दुधाचा आकडा वर कोपऱ्यात होताच. सप्टेंबराचं पान काढलं, तिथेही तेच. मी जमिनीवर बसून मोजल्या. एकेचाळीस चौकटी. बेचाळिसाव्या दिवशी लिहिलेलं होतं, "आज आमेन म्हटलं."

मी तेव्हा नववीत होते. ते रविवार मला चांगले आठवतात. तू पांढरी साडी नेसून नेहमीच्या बाकावर बसायचीस, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडायचीही तुला गरज नसायची, आणि तुझा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. भगिनी मंडळात तर त्याच महिन्यात तू प्रार्थना चालवलीस. बायका घरी येऊन म्हणायच्या, काय विश्वास आहे बाईचा! कुणाला म्हणून कळलं नाही. बाबा, तुम्हाला तरी माहीत होतं का? की घरातलं ते एक कालनिर्णयच तेवढं खरं बोलत होतं?

मी फाइल घेऊन दवाखान्यात गेले आणि काही बोलले नाही. विचारल्याशिवाय वाचलं, त्याची माफी आज मागते आहे.

आता माझं सांगते. इथे आल्या आल्या मीही प्रार्थनेची वही घातली होती. चांगली चामड्याच्या बांधणीची, महाग. पहिल्या पानावर वचन, खाली तारीख, आणि मग "हे दयासागरा स्वर्गीय पित्या". सात-आठ महिने लिहिलं. नंतर वाचून पाहिलं तर सगळी प्रार्थनासभेची भाषा. कुणीतरी डोळे मिटून उभं आहे आणि बाकीचे ऐकताहेत, अशा थाटात लिहिलेली. त्यात मी कुठेच नव्हते. दुसऱ्या हिवाळ्यात एका आठवड्यात आमच्या वॉर्डात तीन माणसं गेली. इथे डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो, आणि रात्रपाळी असली की उजेड दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी साडेआठला घरी आले, युनिफॉर्म न बदलताच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि वहीत लिहिलं, "आज नाही."

तुझे शब्द चोरले, आई. पण त्या वहीतलं ते पहिलं खरं वाक्य.

तेव्हापासून पाच-सहा ओळींच्या वर लिहीत नाही. आमच्या कामात पहिल्या दिवसापासून घोकून घेतात की लिहिलं नाही तर केलं नाही. पेशंटला पाणी किती दिलं, लघवी किती झाली, सगळं तासातासाला तक्त्यावर मांडायचं. माझी वहीही आता तशीच झाली आहे. काय आत आलं, काय बाहेर पडलं. पेशंटचं नाव लिहीत नाही, खाटेचा नंबर लिहिते. देवाला तेवढं पुरतं. ताईवर घराच्या वाटणीवरून आलेला रागही त्यात आहे, चांगला तीन पानं भरून (तिला सांगू नका). आणि ३१ डिसेंबरला, आपल्याकडे रात्रीच्या उपासनेत लोक साक्ष द्यायला उभे राहतात ना, त्या वेळेला मी वर्षाची वही पहिल्या पानापासून वाचते. बायबलातल्या शमुवेल संदेष्ट्याने दगड उभा करून 'एबन-एजर' म्हटलं, येथवर परमेश्वराने साहाय्य केलं. माझा दगड हा असा, चहाचे डाग पडलेला. ज्यासाठी रडून मागितलं होतं ते मिळालं आणि मी विसरूनही गेले, असं दर वर्षी निदान तीन-चार ठिकाणी सापडतं. काही ठिकाणी साफ नाही म्हणून उत्तर आलेलं असतं. त्याचं अजून नीट काही जमत नाही.

माझ्याबरोबर एक गोव्याची कॅथलिक मुलगी आहे. ती झोपण्याआधी दिवस मागे फिरवून बघते: कुठे देव जवळ होता, कुठे मी पाठ फिरवली. लॉयोलाच्या संत इग्नेशियसने घालून दिलेली रीत. त्याची स्वतःची रोजनिशी मात्र जेमतेम वर्षभराचीच उरली आहे, १५४४-४५ मधली. आपण स्थापलेल्या येशू संघाचे, म्हणजे जेझुइटांचे, नियम ठरवत असतानाची. आणि त्यात दिवसामागून दिवस नोंद कसली, तर आज मिस्साच्या, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या, वेळी डोळ्यांत पाणी आलं की नाही! ती हे सांगत होती तेव्हा मला बाबांचं आवडतं ५६ वं स्तोत्र आठवलं. गथात पलिष्ट्यांच्या तावडीत सापडलेला दावीद देवाला म्हणतो, माझी आसवं तुझ्या बुधलीत भरून ठेव, ती तुझ्या वहीत नमूद आहेत ना? म्हणजे वही तोही ठेवतो.

बाबा, तुम्हाला एक मजा सांगायची राहिली. मध्ये सुट्टी होती तेव्हा सिटी रोडवर मेथडिस्टांचा मूळ पुरुष जॉन वेस्ली, त्याचं घर बघून आले. म्हातारपणीची शेवटची बारा वर्षं तो तिथे राहिला. झोपायच्या खोलीला लागून प्रार्थनेची इवलीशी खोली आहे, आपल्या देवळीहून थोडी मोठी. हा गृहस्थ ऑक्सफर्डमध्ये असताना सांकेतिक लिपीत तासातासाची रोजनिशी लिहायचा, आणि पुढे पुढे तर आपल्या भक्तिभावाला दर तासाला १ ते ९ पर्यंत मार्क द्यायचा. तुम्ही छत्तीस वर्षं पेपर तपासलेत, तुम्हालाही हे सुचलं नव्हतं. मला ते वाचून दमायलाच झालं. आईच्या चौकटी त्यापेक्षा कितीतरी बऱ्या.

त्याच वेस्लीने १७६८ मध्ये डेव्हिड ब्रेनर्डचं चरित्र संक्षेप करून छापलं होतं. हा ब्रेनर्ड अमेरिकेतला. एका शिक्षकात या खुर्चीएवढीसुद्धा कृपा नाही, असं बोलला म्हणून येल कॉलेजातून काढून टाकलेला. (बाबा, तुम्ही त्या शिक्षकाच्या बाजूने असणार, मला माहीत आहे.) पुढे तिथल्या मूळ रहिवाशांत सुवार्ता सांगत घोड्यावरून हिंडला, क्षयाने खंगला आणि १७४७ मध्ये एकोणतिसाव्या वर्षी जोनाथन एडवर्ड्स या नामांकित पाळकाच्या घरी वारला. त्याच्या रोजनिशीत पानोपानी उदासी आहे, निराशा आहे. एडवर्ड्सने ती १७४९ मध्ये छापली तेव्हा हा स्वभावाने खिन्न होता हे लपवलं नाही. ती वाचून केंब्रिजचा तरुण पाळक हेन्री मार्टिन १८०६ मध्ये कलकत्त्याला आला, नव्या कराराचं उर्दू भाषांतर केलं, १८११ मध्ये इराणला जाताना काही आठवडे आपल्या मुंबईत राहिला, आणि पुढच्या वर्षी तुर्कस्तानात तोकात इथे एकतिसाव्या वर्षी गेला. तोही रोजनिशी लिहायचा. शेवटची नोंद मरणाआधी दहा दिवसांची. बागेत एकटा बसलो होतो आणि देवाचा विचार करताना बरं वाटलं, एवढाच तिचा सूर.

हे सगळं कशाला सांगते आहे, तर ब्रेनर्डने आपल्या सुरुवातीच्या दोन वह्या नष्ट करायला लावल्या होत्या. बाकीच्या राहू दिल्या. म्हणजे आई, जाळायचं नाहीच असं मी म्हणत नाही. जे तुझं आणि देवाचं आहे ते तुझं आहे. फक्त सगळा गठ्ठा नाडीसकट बंबात टाकू नकोस. एकेक काढून बघ, आणि नको ते तू स्वतःच्या हाताने घाल, बाबांना सांगू नकोस.

तू म्हणशील, "मी काय लक्ष्मीबाई टिळक लागून गेले?" नाहीस. पण त्यांच्याही मागे आठवणी लिहा म्हणून मुलगाच लागला होता. आणि मला काही छापायचं नाहीये. मला ती नुसती घरात असायला हवी आहेत. १९९९ चं काय करायचं ते मात्र मी येईपर्यंत ठरवू नकोस, एवढं ऐक.

बाबा, तुमच्या डायऱ्या मी उघडलेल्या नाहीत. (एक उघडली. "उपदेश: लूक १५. लांबला." असं होतं. लगेच मिटली.) मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तुम्ही लिहिणं सोडलंय असं आई म्हणते. रुंद ओळींची वही आणि जाड निबाची पेनं घेऊन ठेवली आहेत. वीस डिसेंबरला येते तेव्हा आणते. तोवर आईच्या कॅलेंडरवर एखादी चौकट मागून घ्या, हिशेबाच्या बाजूला जागा असते.

आणि बंबाला लाकडं कमी पडत असतील तर वखारीतून मागवा. पैसे उद्याच पाठवते.

तुमची,
धाकटी