पाय टेकतात, आई

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आईचा आवाज बदलतो आणि मग माझ्याच्याने पुढे बोलवत नाही, म्हणून लिहायला बसले. मी रॉयल एनफिल्डची हिमालयन मोटरसायकल घेतली. साडेचारशे सीसीची. पैसे भरून झाले, पासिंग झालं, नंबरही आला. आत्याकडे जे झालं त्यानंतर आपल्या घरात मोटरसायकलचं नाव कुणी काढत नाही, ते मी विसरलेले नाही. म्हणून सगळंच सांगते. अर्धवट कळलं तर आई रात्रभर जागी राहील.

आई, तुझा पहिला प्रश्न मला इथे ऐकू येतोय: पाय पुरतात का? कंपनीतून आली तशी गाडी मला पुरत नव्हती. सीट जमिनीपासून 825 मिलिमीटर, मी पाच फूट एक इंच. नुसती पायाची बोटं टेकत होती आणि गाडी 196 किलोची. तशी मी ती रस्त्यावर काढलीच नाही. आधी माझ्या मापाची करून घेतली.

त्यात उंचीइतकीच रुंदीही नडते, हे मला करताना कळलं. सीट पुढे रुंद असली की मांड्या फाकतात आणि पायाची निम्मी लांबी तिथेच जाते. म्हणून कंपनीचीच 805 ची बुटकी सीट घेतली आणि कुशनवाल्याकडून टाकीजवळच्या दोन्ही कडा तासून घेतल्या. मधल्या फोमला हात लावू दिला नाही. तो पातळ झाला की लांबच्या रस्त्यावर माकडहाड दुखतं, आणि दुखायला लागलं की लक्ष उडतं.

मग मागची बाजू. मागच्या एकुलत्या शॉकच्या (मोनोशॉक) खाली त्याला चाकाशी जोडणारं लिंकेज असतं, त्यातल्या पट्ट्या थोड्या लांब घातल्या की गाडी मागून खाली बसते. साधारण इंचभर उतरवली. पण फक्त मागून उतरवली तर पुढचं चाक हलकं पडतं, वळणावर हँडल उशिरा ऐकतं. म्हणून पुढचे फोर्क, म्हणजे चाकाला धरणारे दोन दांडेही, वरच्या पकडीतून त्या हिशोबाने वर सरकवले. साइड स्टँड कापून वेल्डिंग केला, नाहीतर उभी केलेली गाडी फार सरळ राहते आणि जरा धक्का लागला की पलीकडे पडते. हेडलाइटचा झोत परत जुळवून घेतला. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर माझ्या बोटांना येतील अशा फिरवल्या. गाडीचं पोट जमिनीपासून 230 मिलिमीटर होतं, ते थोडं कमी झालं, पण आपल्या पाणंदीतल्या दगडांना अजून पुरेल.

आता दोन्ही पायांचे पंजे टेकतात. जरा डावीकडे सरकले की डावी टाचही. थांबताना कायम डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. उताराकडे तोंड करून गाडी लावायची नाही, कारण ती मागे ढकलता येत नाही. हे सगळं रिकाम्या मैदानात घोटून झालंय.

बाबा, तुम्ही विचाराल, मग बुटकीच का नाही घेतली? त्याच कंपनीच्या मिटिऑरची सीट 765 आहे, मला पहिल्याच दिवशी पाय पुरले असते. तीही बघून आले. पण पुढचं 21 इंची चाक आणि खड्डे पिणारं लांब सस्पेन्शन तिच्यात नाही, आणि आपला आंबा घाट तुम्हाला माहीत आहे. उंच गाडी थोडी खाली आणता येते, बुटकीला खड्डे पचवायला शिकवता येत नाही. शिवाय हे मी तुमच्याकडूनच शिकले. ॲटलस सायकलच्या सीटवरून मला पाय पुरेनात तेव्हा खळ्यात बसून तुम्हीच दांडा करवतीने कापला होता. आई ओरडत होती नवी सायकल खराब केली म्हणून, आणि मग तीच माझ्यामागे धावली होती, पदर खोचून. एम-एटीवर तुमच्यापुढे उभी राहायचे तेव्हा तुमच्या हनुवटीचे केस डोक्याला टोचायचे. कधीकधी ऑफिसात बसल्या बसल्या ते अजून जाणवतं.

मार्लेश्वरच्या जत्रेआधी, संक्रांतीला दोन दिवस असताना निघेन. कराडवरून मलकापूर, घाट भर दुपारी, साखरप्याला चहा आणि दिवेलागणीच्या आत घरी. रात्रीचा घाट करणार नाही, धुक्यातलाही नाही. जॅकेटला कोपर-खांद्याला पॅड आहेत, गुडघ्यांनाही. जेवून निघेन आई, उपाशी नाही.

आणि गाडीमुळे तुमच्या कशालाच हात लागलेला नाही. बाथरूममध्ये धरायला बसवायच्या बारचे पैसे वेगळे ठेवलेत. इन्व्हर्टरचा माणूस सोमवारी येईल, त्याला चहा द्या पण आईने बॅटरीचं पाणी स्वतः घालायला जायचं नाही. डबे माळ्यावरून खाली आणायला सांगितले होते, आणलेत का? स्टुलावर चढलीस असं कळलं तर मी खरंच रागवेन. बाबा, बीपीची गोळी जेवणानंतर नाही, सकाळी, डॉक्टरांनी सांगितली तशीच. बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. आईची तीन महिन्यांची साखर या महिन्यात तपासायची आहे, रिपोर्टचा फोटो मला पाठवा.

ओटीची पायरी बाबांच्या गुडघ्याला उंच पडते. तिथे मधे एक अर्धी पायरी घालू. मी आल्यावर बाबांना चढायला लावून माप घेईन आणि मगच गवंड्याला सांगेन. तोवर त्याच्याकडून परस्पर काही करून घेऊ नका, तो नेहमीसारखी नऊ इंचाची करून मोकळा होईल.

तुमची,
मनू