‘घुमी’ हा शेरा नको

संपादक महोदय,

माझ्या आठ वर्षांच्या नातीच्या प्रगतिपुस्तकात ‘घुमी आहे, स्वभाव बदलायला हवा’ असा शेरा आला. पोर तो वाचून रडली. तीस वर्षे शिकवलेली मी, असे शेरे मीही लिहिले आहेत आणि आज त्याचे फार वाईट वाटते.

अंतर्मुख (आपल्यातच रमणारी) आणि बहिर्मुख (लोकांत रमणारी) माणसे ही विभागणी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१च्या ग्रंथामुळे रूढ झाली. पण माणसे अशी दोन कप्प्यांत बसत नाहीत. स्वभाव उंचीसारखा असतो. खूप उंच आणि खूप बुटके थोडे, बाकी सगळे मधे कुठेतरी. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेचले. पुढच्या संशोधकांनी गाळत गाळत पाच मुख्य गुण मांडले : बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांची ओढ. म्हणजे कमी बोलणे हा पाचांपैकी एकाच गुणाचा, तोही छोटासा भाग!

शिवाय लाजाळूपणा वेगळा. लाजाळू मुलाला मिसळायचे असते, पण भीती वाटते. त्याला आधार हवा. अंतर्मुख मूल एकटे रमते, त्याला काही झालेले नसते. हा फरक बी.एड.च्या वर्गात नीट शिकवावा, आणि शेऱ्यात स्वभावाऐवजी दिसले तेवढेच लिहावे. ‘हात वर करत नाही, पण वहीतली उत्तरे नेमकी असतात,’ असे.

नातीची ती वही घेऊन मी सोमवारी तिच्या बाईंना भेटणार आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा